पोलिसांनी फोन मागितला, तर पासवर्डही द्यावा लागतो का?

समजा, रात्री साडेअकराची वेळ आहे आणि नाशिकच्या द्वारका चौकात नाकाबंदी लागली आहे. लायसन्स दाखवा, आरसी दाखवा, पीयूसी दाखवा, इथपर्यंत सगळं नेहमीचंच. मग पुढचं वाक्य येतं, "फोन काढ, लॉक उघड." समोर एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आहे. घरी जायला उशीर झालाय, मागे बसलेला मित्र घाबरलाय. तो मुकाट्याने अंगठा लावून फोन हातात देतो. पुढची पाच मिनिटं एक अनोळखी माणूस त्याची गॅलरी, आईचे मेसेज, मैत्रिणीशी झालेलं बोलणं खाली-वर सरकवत पाहतो.

ही काही कल्पनेतली भीती नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादमध्ये पोलीस रस्त्यावर लोकांना थांबवून त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'गांजा' हा शब्द शोधत असल्याचे व्हिडिओ देशभर फिरले होते. नाशिकमध्ये आता सिंहस्थाची तयारी सुरू आहे. बंदोबस्त वाढणार, नाकाबंद्या वाढणार, आणि त्यात गैर काही नाही. पण अशा वेळी आपला फोन किती आपला, हे प्रत्येकाला आधीच ठाऊक असलेलं बरं.

एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फोन ताब्यात घेणं वेगळं आणि फोन उघडून आत पाहणं वेगळं. ताब्यात घेण्याचे नियम कायद्यात बऱ्यापैकी लिहिलेले आहेत. आत पाहण्याचे नियम मात्र नीट कुणी लिहिलेलेच नाहीत. आपले कायदे फोनला अजूनही एक वस्तू समजतात. गाडी, कोयता, नोटांचं बंडल, तसाच फोन. पण कोयत्याच्या पोटात कुणाची दहा वर्षांची पत्रं, बँक खातं, आजारपणाचे रिपोर्ट आणि बायकोचे फोटो नसतात.

रस्त्यावर

मोटार वाहन कायद्यानुसार गाडीची आणि चालकाची कागदपत्रं दाखवावी लागतात. त्यात फोन कुठेही येत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १०६ खाली पोलीस एखादी वस्तू जप्त करू शकतात, पण ती चोरीची असल्याचा संशय हवा, किंवा गुन्हा घडल्याचा संशय यावा अशी परिस्थिती हवी. अमली पदार्थांच्या कायद्यात सार्वजनिक जागी झडती घेण्याचा वेगळा अधिकार आहे, पण तिथेही तसं मानायला सबळ कारण लागतं. 'सहज बघू काय आहे ते' हे कारण कोणत्याच कायद्यात बसत नाही.

पोलिसांना फोन चोरीचा आहे का एवढंच पाहायचं असेल, तर गॅलरी उघडायची गरजच नाही. *#०६# डायल केलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर स्क्रीनवर येतो. चोरीला गेलेल्या फोनच्या सरकारी नोंदणीत तो ताडून पाहता येतो. तो नंबर आपण होऊन दाखवा, फोन आपल्याच हातात धरून.

त्यापलीकडे मागणी गेली तर आवाज न चढवता विचारा, "साहेब, कुठला गुन्हा दाखल आहे? कुठल्या कलमाखाली बघताय?" हे विचारणं उद्धटपणा नव्हे. कारण फोन आपल्या हाताने उघडून दिला की ती आपली संमती धरली जाते, आणि संमती दिल्यावर कलमाचा प्रश्न मागेच पडतो. नकार द्यायचा तर तोंडानेच द्या. झटापट करू नका, फोन हिसकावू नका, पळू नका. सरकारी कर्मचाऱ्याला कामात अडथळा आणल्याचा गुन्हा फोनमधल्या कुठल्याही मेसेजपेक्षा जास्त महागात पडू शकतो. आणि भीतीपोटी चॅट उडवू नका. पुरावा म्हणून हजर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे. ज्या मेसेजमुळे काहीही झालं नसतं, तो डिलीट केल्यामुळे माणूस अडकू शकतो.

गुन्हा दाखल असेल तर

इथे चित्र बदलतं, आणि बदलायलाच हवं. ऑनलाइन फसवणूक, 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली लुटलेले म्हातारे आईवडील, लहान मुलांचे अश्लील व्हिडिओ, बेपत्ता झालेली मुलगी, या प्रकरणांत फोन हाच बहुतेकदा मुख्य पुरावा असतो. तपास करणाऱ्याला फोन मिळालाच नाही तर फिर्यादीला न्याय कसा मिळणार? खासगीपणाची बाजू घेताना हे विसरून चालत नाही.

पोलिसांसमोर रस्ते तीन. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी आदेश काढून वस्तू हजर करायला सांगणं. नव्या संहितेत या कलमात 'डिजिटल पुरावा असण्याची शक्यता असलेली संपर्क उपकरणं' असे शब्द मुद्दाम घातले आहेत, म्हणजे फोन त्यात स्पष्टपणे आला. पण सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच श्यामलाल चोक्सी खटल्यात म्हटलं होतं की, या कलमाच्या जुन्या रूपाखाली आरोपीवर अशी सक्ती करता येत नाही. साक्षीदार, फिर्यादी, दुकानदार, बँक यांच्यावर हे कलम चालतं. दुसरा रस्ता म्हणजे कलम ९६ खाली कोर्टातून झडतीचं वॉरंट आणणं. तिसरा कलम १८५ चा. वॉरंटसाठी थांबलं तर उशीर होईल असं वाटल्यास तपास अधिकारी स्वतः झडती घेऊ शकतो, पण त्याला कारणं आणि काय शोधतोय ते आधी लिहून ठेवावं लागतं. त्या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेल्या पाहिजेत. झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण करणं कलम १०५ ने आता बंधनकारक आहे.

आता एक नीट झालेली जप्ती जवळून पाहू. घरी पोलीस आले, परिसरातले दोन पंच सोबत आहेत. हवालदाराच्या मोबाइलवर चित्रण सुरू आहे. टेबलावर फोन ठेवला. पंचनाम्यात लिहिलं जातं: कंपनी, मॉडेल, रंग, दोन्ही आयएमईआय, किती सिम, कुठल्या कंपनीची, मेमरी कार्ड आहे की नाही, स्क्रीनला उजवीकडे वर तडा, फोन चालू स्थितीत, लॉक असलेला. मग तो फ्लाइट मोडवर टाकतात, कारण नेटवर्क सुरू राहिलं तर दूर बसून कुणीही त्यातला डेटा पुसू शकतं आणि नवे मेसेज येऊन आतलं चित्रही बदलत राहतं. फोन पाकिटात जातो, पाकिटावर पंचांच्या सह्यांचं लेबल, वर लाखेचं सील. जप्त वस्तूंच्या यादीची प्रत घरच्या माणसाला मिळते. पंचनाम्यावर तुमची सही मागितली तर आधी वाचा. 'फोन लॉक असलेल्या स्थितीत' हे चार शब्द त्यात आहेत का, ते बघा. पुढे वाद झालाच तर या चार शब्दांना सोन्याचा भाव येतो.

सीलबंद फोन तपासणीसाठी न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. नाशिकलाच प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. तिथे मूळ फोनशी खेळत नाहीत. आधी डेटाची हुबेहूब प्रत काढतात आणि तिची हॅश व्हॅल्यू नोंदवतात. हॅश म्हणजे त्या सगळ्या डेटावर गणित करून निघालेली आकड्या-अक्षरांची एक ओळ. आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी पूर्ण ओळ बदलते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ही हॅश लिहावी लागते. उद्या कुणी म्हणालं की फोनमध्ये नंतर काही घुसवलंय, तर खरं-खोटं इथे ठरतं.

म्हणूनच ठाण्यात बसल्या बसल्या फोन चाळणं मला दुहेरी नुकसानीचं वाटतं. न वाचलेले मेसेज 'वाचले' म्हणून नोंदले जातात, अ‍ॅप उघडल्याच्या वेळा बदलतात. आरोपीचा वकील कोर्टात नेमकं त्यावर बोट ठेवतो, आणि खरा गुन्हेगार असला तरी पुरावा डळमळतो. झडतीची पद्धत पाळणं ही आरोपीवर केलेली मेहेरबानी नाही. फिर्यादीचंही हित त्यातच आहे.

पासवर्ड मागितला तर

फोन कायदेशीरपणे जप्त झाला, पण तो लॉक आहे. पोलीस म्हणतात, पिन सांग. सांगावाच लागतो का?

राज्यघटनेचं कलम २०(३) म्हणतं की गुन्ह्याचा आरोप असलेल्या कोणत्याही व्यक्तीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण कोर्टाच्या पिंजऱ्यापुरतं न ठेवता पोलिसांच्या चौकशीपर्यंत आणलं. पण साक्ष म्हणजे नेमकं काय? १९६१ मध्ये काठी कालू ओघड खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ठरवलं की बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, कारण त्यात माणूस स्वतःच्या मनातली माहिती सांगत नाही. पुढे २०१० मध्ये सेल्वी खटल्यात त्याच न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या माणसाच्या इच्छेविरुद्ध करायला मनाई केली. मनातलं जबरदस्तीने काढून घेता येणार नाही, हे त्यामागचं सूत्र.

आता पिन यांतल्या कुठल्या बाजूला बसतो? तिजोरीची किल्ली खिशातून काढून घेणं एक, आणि नंबरच्या कुलपाचे आकडे माणसाच्या तोंडून वदवून घेणं दुसरं. मला पिन हा सरळ दुसऱ्या प्रकारातला वाटतो. तो डोक्यात असतो आणि बोलल्याशिवाय बाहेर येत नाही.

कोर्टांचं मात्र यावर एकमत नाही. मार्च २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना खटल्यात कर्नाटक उच्च न्यायालय म्हणालं की पासवर्ड देणं ही साक्ष नाही, त्यामुळे २०(३) चा भंग होत नाही. पण त्याच निकालात हेही म्हटलंय की फोनच्या झडतीसाठी कोर्टाचं वॉरंट हवं आणि फक्त तातडीच्या प्रसंगी, कारणं नोंदवून, वॉरंटशिवाय पुढे जाता येईल. आरोपी नाहीच म्हणाला तर त्याच्याविरुद्ध प्रतिकूल निष्कर्ष काढता येईल किंवा तज्ज्ञांकडून फोन उघडता येईल. मारून-धमकावून नव्हे. दिल्लीत वारा उलटा वाहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या विशेष सीबीआय न्यायालयाने महेशकुमार शर्मा प्रकरणात पासवर्डची सक्ती नाकारली. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही संकेत मोदी प्रकरणात जामीन देताना म्हटलं की खटला चालू असताना आरोपीला पासवर्ड सांगायला भाग पाडता येत नाही.

नाशिकच्या कोर्टावर यांतला एकही निकाल थेट बंधनकारक नाही. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांचाच शब्द बांधतो. बाहेरचे निकाल वकील आधार म्हणून दाखवू शकतात. तेव्हा 'पासवर्ड द्यावाच लागतो' असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते चूक, आणि 'कधीच द्यावा लागत नाही' हेही तितकंच पक्कं नाही. वकिलाशी बोलल्याशिवाय सांगणार नाही, एवढं म्हणण्याचा हक्क मात्र नक्की आहे. अटकेतल्या माणसाला चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क नव्या संहितेच्या कलम ३८ ने दिलेला आहे. पूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसणार नाही, पण भेट नाकारता येत नाही.

अंगठ्याचं कोडं याहून अवघड आहे. कलम ३४९ खाली न्यायदंडाधिकारी बोटांचे ठसे द्यायला सांगू शकतात, आणि २०२२ च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने ठसे, बुबुळांचं स्कॅन घेण्याचे पोलिसांचे अधिकार बरेच वाढवले. पण हे सगळं माणसाची ओळख पटवण्यासाठी आणि नमुना जुळवण्यासाठी. कागदावर ठसा उमटवणं आणि तोच अंगठा धरून फोनवर टेकवणं एकच कसं? पहिल्यातून माणूस कोण ते कळतं, दुसऱ्यातून त्याचं सगळं आयुष्य. माझ्या मते पिनला जे संरक्षण, तेच अंगठ्याला आणि चेहऱ्याला मिळायला हवं. तसं ते आज ठामपणे मिळत नाही. म्हणून एक व्यवहारातली गोष्ट सांगते: फोन बंद करून पुन्हा सुरू केला की पहिल्यांदा अंगठा चालत नाही, पिनच टाकावा लागतो. अँड्रॉइड असो की आयफोन.

ठाण्यात कधी 'आयटी अ‍ॅक्टचं कलम ६९ लावू, सात वर्षं आत जाशील' असंही ऐकवलं जातं. कलम आहे, सात वर्षांपर्यंतची शिक्षाही आहे. पण तो आदेश ठाण्यातल्या अधिकाऱ्याच्या अधिकारातला नाही. २००९ च्या नियमांप्रमाणे राज्यात तो साधारणपणे गृह खात्याच्या सचिवांकडून लेखी निघतो. तेव्हा तो कागद दाखवायला सांगा.

सहा वर्षांचा उशीर

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात शिरायचं असेल तर त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि हस्तक्षेप गरजेपुरताच हवा. या तीन कसोट्या फोनच्या झडतीला लावून बघा. चेक न वटल्याच्या तक्रारीत एखाद्या बाईचे अंगभर दागिने घातलेले लग्नाचे फोटो आणि डॉक्टरांशी झालेलं बोलणं कशाला पाहायचं? बाईची अंगझडती बाईनेच घ्यावी, असं कायदा स्पष्ट सांगतो. तिच्या फोनमधले फोटो कुणी पाहावेत, यावर तोच कायदा एक अक्षर बोलत नाही. मला सगळ्यांत जास्त हे खुपतं.

त्या निकालानंतर सहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, पत्रकार आणि प्राध्यापकांच्या याचिकांवर सुनावणी करताना सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला फटकारलं की तपास यंत्रणांना असा बेलगाम अधिकार असणं धोकादायक आहे, मार्गदर्शक तत्त्वं करा. त्यानंतर केंद्राने सांगितलं की ती होईपर्यंत केंद्रीय यंत्रणा सीबीआयची २०२० ची नियमपुस्तिका पाळतील. नाशिक शहर आणि ग्रामीण पोलीस राज्याच्या गृह खात्याखाली येतात. त्यामुळे महाराष्ट्राने स्वतःचे नियम करायला दिल्लीची वाट पाहण्याचं काही कारण नाही. कोण पाहणार, काय शोधणार, किती तारखेपासूनचं पाहणार, असंबद्ध सापडलेलं कधी पुसणार, एवढं लिहिलं तरी नाकाबंदीवरच्या हवालदारालाही स्पष्टता मिळेल. सध्या तोही अंधारातच चाचपडतो आहे.

नियम हवेत, याचं आणखी एक कारण आहे. बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा आपल्याकडे आपोआप बाद होत नाही. १९७३ च्या पूरणमल निकालापासून कोर्ट बहुधा 'पुरावा संबंधित आहे का' एवढंच पाहतात. म्हणजे चुकीच्या रीतीने उघडलेल्या फोनमधलं चॅटसुद्धा तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. थोडी आशा आपल्याच उच्च न्यायालयाने दाखवली आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये विनित कुमार प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने फोन टॅपिंगचे आदेश बेकायदा ठरवून रद्द केले आणि ती रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितली. तो टॅपिंगचा मामला होता, झडतीचा नव्हे. तरी वकिलांनी तो हाताशी ठेवण्यासारखा आहे.

फोन परत मिळवताना

लोक पिनची काळजी करतात आणि फोन परत कसा आणायचा हे विचारायचंच विसरतात. द्राक्ष बागायतदाराचे औषध फवारणीचे हिशेब, लासलगावच्या व्यापाऱ्याची उधारी, रिक्षावाल्याचं यूपीआय, सगळं त्या एका फोनवर असतं. आधी सिम बंद करून त्याच नंबरचं नवं सिम घ्यायचं का, ते वकिलाला विचारून ठरवा, कारण तपासात सिमही मुद्देमाल असू शकतं.

फोनसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात बजावलंय की जप्त मुद्देमाल पोलीस ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्याभरापेक्षा जास्त पडून राहू नये. अर्जात गुन्हा रजिस्टर नंबर, आयएमईआय, खरेदीचं बिल जोडा आणि कोर्ट सांगेल तेव्हा फोन हजर करू, डेटा बदलणार नाही, असा सुपूर्दनामा द्यायची तयारी लिहा. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण मोफत मदत करतं. १५१०० या नंबरवरही विचारता येतं.

कोर्ट पोलिसांचं म्हणणं मागवतं. 'प्रयोगशाळेचा अहवाल प्रलंबित' असं उत्तर आलं तर तिथेच थांबू नका. फोन प्रयोगशाळेकडे कुठल्या तारखेला रवाना झाला, जावक क्रमांक काय, आणि डेटाची प्रत निघाली आहे का, हे लेखी मागा. प्रत निघाली असेल, तर मूळ फोन अडवून ठेवायचं कारण पोलिसांना कोर्टापुढे सांगावं लागेल.